फणसाचे स्पीकर आणि देवाचे आंबे

स्पीकरची खोकी फणसाच्या लाकडाची करावीत, असं फिजिक्सच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी सगळी पाहिली आहेत. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे आणि ती पुस्तकं पुसून परत कपाटात लावणं हे माझंच काम आहे. ध्वनिशास्त्राचं जे काही ज्ञान माझ्यात उतरलं ते धुळीबरोबर नाकातून उतरलं. एवढ्या तयारीवर मी गेल्या वर्षी घरच्या घरी होम थिएटर बांधायला घेतलं!

याचं खापर मी आमच्या भावोजींवर फोडतो. माझी बहीण नंदा ठाण्याला दिलेली. तिच्या यजमानांच्या हॉलमध्ये कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत, विकत घेतलेले. आमच्याकडे येताना ते स्पीकर बरोबर आणत नाहीत एवढंच. त्यांच्याविषयीची सगळी माहिती मात्र आणतात. दिवाळीत आमच्याकडे बातम्या ऐकता ऐकता ते म्हणाले, "मोहन, हा तुमचा टीव्ही बोलतो की कण्हतो?"

सगळे हसले. माझी बायको मेधाही हसली. (बायकोने कुठे हसावं याचे काही नियम असायला हवेत.) मी म्हणालो, "पाडव्याला या, भावोजी. मी स्वतः बांधलेले स्पीकर ऐकवतो!"

आपण स्पीकर बांधणार आहोत हे मलाही ते वाक्य संपल्यावरच कळलं. पण पाच माणसांसमोर बोललो होतो. शब्द मागे घेण्यापेक्षा स्पीकर बांधणं सोपं जाईल, असा माझा अंदाज होता.

आता लाकूड. इंटरनेटवरचे जाणकार एका विशिष्ट जाड बोर्डाबद्दल बोलतात. तो बोर्ड आमच्या हवेत एका पावसाळ्यात पुरीसारखा फुगतो. आमच्या माळ्यावर मात्र फणसाच्या सहा फळ्या पडून होत्या. परसातला जुना फणस वादळात पडला तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या कापून आणल्या होत्या. अप्पांची सगळी नोकरी बोटीवर गेली. वस्तू जपून ठेवायची आणि जागेवरून हलू द्यायची नाही, ही त्यांची बोटीवरची शिस्त.

"त्या फळ्या मागच्या दारासाठी आहेत," अप्पा म्हणाले.

"अप्पा, दार काय, कोणीही करतं. दारातून काय आवाज येणार आहे?"

"नाही येत म्हणूनच बरं असतं दार."

तरी त्यांनी फळ्या दिल्या. शिवाय फळ्या उतरवताना शिडीही धरली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी या माणसाशी जसा वागलो ते वाचून तुम्हाला माझा राग यायला हवा.

दोन खोकी करायची होती, कंबरेएवढी उंच. करवत मी यापूर्वी फक्त लोकांच्या हातात पाहिली होती. पहिल्या खोक्याला पुढून गोल भोक पाडायला गेलो, ते लांबट झालं. लांबट भाग गोल करायला गेलो, ते मोठं झालं. दुसऱ्या खोक्याच्या वेळी मी शहाणा झालो होतो, म्हणून तिथे सुरुवातीलाच मोठं पाडलं. स्पीकर बसवून भोवती जी फट राहील तिच्यात चिकटा भरायचा ठरवला. मेधा दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "मांजरासाठी का?"

मोठ्या भोकाखाली एक लहान भोक लागतं. त्यात पाईपचा तुकडा बसवायचा. स्पीकर धडधडला की आतली हवा त्या पाईपातून बाहेर फेकली जाते आणि त्यामुळे खालचा सूर, म्हणजे बेस, चांगला घुमतो. न्हाणीघराच्या कामातून उरलेला पाईप मी वापरला. हे भावोजींना सांगायचं नाही, अशी घरात सगळ्यांना ताकीद दिली.

राहिलं आतलं भरताड. खोक्याच्या आत काहीतरी मऊ, तंतुमय भरावं म्हणजे आवाज आतल्या आत आपटत नाही, असं सगळे जाणकार सांगतात. ते कसलीशी लोकर भरतात. मी बाजारात दोन दुकानांत विचारलं. एकाने मला उशी दाखवली. मग घरी येताना मला सुचलं की मार्च महिन्यात रत्नागिरीत मऊ आणि तंतुमय असं काय असतं? पेंढा! आंब्याच्या पेट्या भरायला आणलेलं भाताच्या पेंढ्याचं पोतं घरातच होतं, कोरडं, स्वच्छ. दोन्ही खोकी मी पडवीत उताणी ठेवली आणि भोकातून गच्च पेंढा भरला. वर पॉलिशचा एक हात मारला आणि वाळायला ठेवून दिली. आता कोकणातल्या पडवीत, ऐन मार्चमध्ये, पेंढ्याने भरलेलं लाकडी खोकं तोंड वर करून ठेवलेलं असलं, तर बघणाऱ्याला ते काय वाटेल, एवढा विचार करण्याइतकं फिजिक्स मला येत नव्हतं.

इथे आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. पावसला आमची हापूसची सात कलमं आहेत. त्यांचे पहिले आंबे तिथल्या ग्रामदेवीचे. ते पाडव्याला देवीपुढे ठेवल्याशिवाय घरात कोणी आंब्याला तोंड लावत नाही. मग शेजारी रसाची वाटी घेऊन येवोत की ऑफिसात पेटी फुटो. या नियमाचा सगळ्यात मोठा जाच अप्पांना. त्यांना डायबेटिस आहे. डॉक्टरांनी फार घासाघीस करून त्यांना हंगामात रोज अर्धा आंबा मंजूर केलेला. त्या अर्ध्या आंब्याची वाट ते आषाढापासून बघतात. शिवाय त्यांची कीर्ती चांगली नाही. तीन वर्षांपूर्वी आईने त्यांना माळ्यावर, आंबे पिकत घालायच्या पेंढ्याच्या अढीशेजारी, हातात कोय घेऊन पकडलं होतं.

तर पाडव्याआधी दहा-अकरा दिवस आई केळशीला मावशीकडे गेली होती. मी कॉलेजात, मेधा तिच्या शाळेत. घरी एकटे अप्पा. आमच्या कलमांची राखण करणारा सखाराम दुपारी पावसहून देवीचे अकरा कच्चे आंबे घेऊन आला, ठेवून गेला आणि त्याने आईला केळशीला फोन केला.

"वयनी, देवीचे आंबे आडीत घालून आलोय. अकरा. तोंडं वर करून, नीट."

"शाब्बास रे बाबा," आई म्हणाली आणि निश्चिंत झाली.

त्या दिवशी मी संध्याकाळी घरी आलो. पॉलिश वाळलं होतं. पेंढा सकाळपेक्षा नीटनेटका दिसला. मला वाटलं, दिवसभरात बसला असेल. मी दोन्ही खोक्यांवर स्पीकर बसवले, आठ-आठ स्क्रू पिळले, फटींत चिकटा भरला. आत पाल शिरू नये म्हणून पाईपच्या तोंडांना फडक्याचे बोळे लावले. मग खोकी हॉलमध्ये नेली. उजवीकडचं खोकं डावीकडच्यापेक्षा चांगलंच जड लागलं. मी मेधाला हाक मारली.

"उचलून बघ! वजन बघ! जड खोकं म्हणजे उत्तम आवाज, सगळे तज्ज्ञ सांगतात."

"मग दुसरं हलकं का?"

"ही फळी बुंध्याकडची असणार," मी म्हणालो. माणसाने एकदा शास्त्र शिकलं की त्याला कशाचंही कारण देता येतं.

अॅम्प्लिफायर आला होता, पण पाडव्याच्या मुहूर्ताआधी स्पीकर वाजवायचे नाहीत असं मीच ठरवलं होतं. त्यांच्यावर आईची जुनी ओढणी घालून ठेवली. सगळ्यांना सांगितलं की हात लावायचा नाही.

पाडव्याला तीन दिवस असताना आई परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने मेधाला माळ्यावर पाठवलं. आमची अढी माळ्यावर असते, गेली चाळीस वर्षं. मेधाने वरून हाक मारली, "आई, इथे काही नाही!"

"पेंढ्याखाली बघ गो."

"पेंढ्याखाली पेंढाच आहे."

आई खाली बसली. मग तिने सखारामाला फोन लावला.

"सखाराम, नीट आठव. आंबे कुठे ठेवलेस?"

"आडीत."

"आडीत म्हणजे नक्की..."

"आडीत म्हंजे आडीत, वयनी! आडी तुमच्या घरात नि मलाच इचारता? पंचवीस वर्सं आंबे आनतोय मी. येक आंबा कदी कमी झाला?" आणि त्याने फोन ठेवला. सखाराम रागावला तर कलमांचं काय, या काळजीने त्याला पुन्हा विचारायचं नाही असं ठरलं. सखाराम पासष्टीचा, गुडघ्यांनी अधू. तो आमच्या माळ्याची शिडी चढला कसा, हे मात्र कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

मग घरातले सगळे हळूहळू एकाच दिशेला बघायला लागले. अप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर जरा जास्तच वर धरलेला होता.

"अहो," आई म्हणाली, "सखाराम आला तेव्हा तुम्ही घरी होतात ना?"

"होतो. झोपलो होतो. पडवीतून त्याने हाक मारली, 'अप्पा, आंबे आणलेत.' मी म्हटलं, 'ठेव.'"

"कुठे ठेवलंन्?"

"डोळे मिटूनच म्हटलं मी."

"आणि डोळे उघडल्यावर?"

"उघडल्यावर चहा केला." अप्पांनी पेपर खाली ठेवला. "मी आंबे खाल्लेले नाहीत. बघितलेसुद्धा नाहीत. देवीचे आंबे मी खाईन?"

इथे गप्प बसणं मला शक्य होतं. पण मी उठून उभा राहिलो. "अप्पा, आपण शांतपणे विचार करू," असं म्हणून मी त्यांचा तपास सुरू केला. घरात कोण होतं? अप्पा. आंब्याची आवड कोणाला? अप्पांना. पूर्वी कोण सापडलं होतं? मी लॅबमध्ये असतो तसा फळ्यापुढे उभा राहून बोलत होतो (फळा नव्हता, पण हात तसेच हलत होते). मेधा हळूच म्हणाली, "अहो, कच्चे आंबे होते ते. अकरा कच्चे हापूस कोण खाईल?" मी म्हणालो, "इतक्या दिवसांत ते पिकले नसतील? एकेक करत संपवले असतील!" त्यांच्या उशाखाली बघितलं. बोटीवरच्या ट्रंकेत बघितलं. कोयी सापडतील म्हणून परसातला कचऱ्याचा खड्डासुद्धा काठीने उकरला. कोय मिळाली नाही, तेव्हा मी म्हणालो की हे फार हुशारीने केलेलं काम आहे.

अप्पा माझ्याकडे पाठ करून आईला म्हणाले, "माझं नाव यातून निघेपर्यंत मी आंब्याला हात लावणार नाही. या वर्षी नाही निघालं तर या वर्षी नाही." आणि आत जाऊन झोपले. रात्री ते जेवायलासुद्धा उशिरा आले. आई मला म्हणाली, "मोहन्या, जरा जास्तच बोललास हो." मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं की गुन्हेगार खचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जाहीर केलं की देवीला कौल लावायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी म्हणालो, "विसाव्या शतकातसुद्धा हे जुनं झालं होतं." आणि गाडी काढली, कारण गाडी मलाच चालवता येते.

पावसजवळच्या त्या देवळात गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

"हे माउली, ही तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी आल्येत..."

"व्हय, माउली!" आम्ही म्हणालो. अप्पांचा आवाज सगळ्यात मोठा.

"तुझ्या नावाचे अकरा आंबे यांच्या घरातून गायब झालेत..."

"व्हय, माउली!"

"कोणाची नजर फिरली असेल, कोणाच्या हातून चूक झाली असेल, तर त्याला तू सद्बुद्धी दे..."

"व्हय, माउली!" अप्पा माझ्याकडे बघत म्हणाले.

आता नेमका प्रश्न काय विचारायचा? नवऱ्याने आंबे खाल्ले का, असं गुरवासमोर विचारायला आईची जीभ धजेना. तिने जरा घुटमळून विचारलं, "माउली, आंबे घरातच आहेत का?"

पाच मिनिटं काही झालं नाही. एक मुंगी डावीकडच्या पाकळीपर्यंत गेली आणि परत आली. मग उजवीकडची पाकळी टपकन पडली.

"घरातच आहेत!" गुरव म्हणाला. आईने हात जोडले. अप्पांनी मान ताठ केली. आदल्या दिवसापासून प्रथमच ते सरळ चालत देवळाच्या बाहेर आले.

गाडी चालवताना मी त्यांना तेवढंही लाभू दिलं नाही. मी म्हणालो, "घरात आहेत हे खरंच. पण अप्पाही घरातच असतात. तेव्हा अप्पांच्या पोटातले आंबे हे घरातलेच आंबे झाले!"

आरशातून मी अप्पांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, एकेक कलम मागे जात होतं आणि मोहर गळून फांद्यांना आंबे लटकलेले दिसत होते. त्या क्षणी मला पहिल्यांदा बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर आईने कौलावर विश्वास ठेवून घर उपसलं. तांदळाचा डबा, कपडे, गाद्या, देवघरामागची फट, सगळं. हॉलमध्ये झाडताना तिने ओढणीखालच्या स्पीकरकडे बोट केलं. "ह्याच्यामागे बघितलंस?" मागे बघितलं. मागे काही नव्हतं.

पाडवा उजाडला. गुढी उभी राहिली. नंदा आणि भावोजी आदल्या संध्याकाळीच ठाण्याहून आले होते. देवीपुढे काय ठेवायचं या प्रश्नावर आई सकाळपासून अडली होती. दुसरे आंबे उतरवून आणता आले असते, पण पहिले ते पहिलेच. शेवटी दुपारी नारळ घेऊन जायचं ठरलं. अप्पा नवा सदरा घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, उजव्या स्पीकरच्या शेजारी. तीच जागा रिकामी होती.

"चला," भावोजी हात चोळत म्हणाले, "ऐकू दे तुमचं होम मेड थिएटर!"

मी ओढणी काढली. पाईपमधले बोळे काढले. भावोजींनी फणसाच्या लाकडावरून हात फिरवला, पाईपात वाकून बघितलं आणि विचारलं, "हा पाईप कसला?" घरातले सगळे एकदम छताकडे बघायला लागले. मी पटकन ढोल-ताशाची एक क्लिप लावली आणि आवाज चढवला.

धम्म! धम्म! धम्म!

मी खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. तो आवाज माझ्या हातांनी केलेला होता! भावोजी ताठ बसले. आधी डावीकडे कान केला, मग उजवीकडे.

"मोहन, डावा ठीक आहे. डबा आहे जरा. पण हा उजवा! काय बेस आहे! घट्ट, गोल! माझ्याकडच्याला नाही असा. आत घातलंयस काय?"

"बुंध्याकडची फळी," मी नम्रपणे म्हणालो. "लाकडाची घनता वाढवून घेतली."

धम्म! धम्म! आणि अप्पा खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी नाक वर केलं. पुढच्या ढोलाला डोळे मिटले. त्याच्या पुढच्या ढोलाला ते मोठ्याने म्हणाले, "आंबा!"

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"हापूस," अप्पा म्हणाले. "पिकलेला. आत्ता येतोय. ढोल वाजला की येतो!"

"बघितलंत?" मी आवाज कमी न करता ओरडलो. "सापडले! कुठे ठेवलेत, अप्पा? सदऱ्याच्या खिशात? वास कोणाला येतोय, त्याच माणसाला ना!"

अप्पा उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी गुडघे टेकले आणि उजव्या स्पीकरच्या पाईपला नाक लावलं. धम्म! पाईपातून हवा आली, अप्पांचे पांढरे केस उडाले. ते हळूहळू मागे वळले. मग आई वाकली. मग मेधा. मग नंदा. भावोजींनी नाक लावलं आणि म्हणाले, "अरे, हे काय, फ्लेवर पण आहे?"

मी क्लिप बंद केली. मला एकेक गोष्ट आठवत गेली: पडवी, उताणी खोकी, पेंढा, तोंड वर. आणि सखाराम, ज्याच्या दृष्टीने मार्चमध्ये पेंढा भरलेल्या खोक्याला जगात एकच नाव आहे. ती अढी, दुसरं काही असूच शकत नाही! शिडीही चढावी लागली नाही. दोन खोक्यांपैकी त्याने दाराजवळचं निवडलं, एवढंच.

आठ स्क्रू काढायला मला अर्धा तास लागला. चिकटा सुरीने कापला. स्पीकर उचलला तेव्हा त्या घरात जो घमघमाट सुटला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. पेंढ्यात हात घातला. एक, दोन, तीन... अकरा! एकही डागलेला नाही, एकही दबलेला नाही, सगळे सोन्यासारखे पिकलेले. आई म्हणाली, "चाळीस वर्षांत माळ्यावर असे पिकले नव्हते."

मी अप्पांसमोर उभा राहिलो. "अप्पा, चुकलं माझं," एवढंच मला म्हणता आलं. माणूस काही न करता तीन दिवस मान खाली घालून जेवला, आणि त्याला तसा बसवणारा मीच होतो.

अप्पांनी मला खालीवर न्याहाळलं. "मागच्या दाराला फळ्या नव्या आणाव्या लागतील तुला," ते म्हणाले. "आणि ते फिजिक्स आता माझ्यावर नको वापरूस."

आईने अकराच्या अकरा आंबे देवीसाठी टोपलीत घेतले. आम्ही लगेच गाडी काढून देवळात गेलो. परत आल्यावर तिने अप्पांच्या ताटात प्रसादाचा आंबा वाढला, अर्धा नाही, अख्खा. मेधाने तोंड उघडलं तसं आई म्हणाली, "आजच्या दिवस." अप्पांनी तो सालीसकट चोखून खाल्ला, कोय पांढरी होईपर्यंत. आम्ही सगळे बघत होतो. सखारामाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "मी तवाच म्हटलं, आडी झ्याक केलीत. पन वरती येवडं भोक कशाला?"

संध्याकाळी मी स्पीकर परत बसवला आणि भावोजींना तोच ढोल पुन्हा ऐकवला. आता उजवाही डबा वाजला! भावोजी म्हणाले, "बुंधा गेला वाटतं." मी आठवडाभर झटलो. जास्त पेंढा भरला, वाळूची पिशवी ठेवली, जुनी उशी घातली. काही उपयोग झाला नाही. त्या आवाजाला आत काहीतरी गोल आणि वजनदार असल्याशिवाय चालत नाही. आंबे तर संपले. शेवटी पावसाळ्याच्या सुरुवातीला मी एका दुपारी, घरात कोणी नसताना, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सोलून ठेवलेले सहा नारळ घेतले. तीन उजवीकडे, तीन डावीकडे. बेस परत आला! भावोजी इथे हवे होते.

दोन दिवसांनी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "इथले सहा नारळ कुठे गेल्येत?"

मी टीव्हीपुढे होतो. अप्पा शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी पुढे वाकून उजव्या स्पीकरवर बोटाने टकटक केलं, मग डाव्यावर. मग माझ्याकडे बघितलं.

"किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीन-तीन," मी म्हणालो.

अप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगो, नारळ मी दिले सखारामाला! सांगायला विसरलो." आई बडबडत राहिली, पण सखारामाला फोन करून विचारण्याची तिची काही हिंमत नव्हती. अप्पा परत माझ्याकडे वळले. "रोज संध्याकाळी एक आंबापोळी," ते म्हणाले. "मोठी. तुझ्या आईला कळता नये."

ज्या निर्दोष अप्पांना मी चोर ठरवलं, ते माझ्या चोरीसाठी स्वतःचं नाव खराब करून घेत होते. एका आंबापोळीत हा सौदा मला स्वस्तच वाटला. मी रोज देत गेलो.

परवा त्यांचं रक्त तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "अप्पा, आंब्याचा हंगाम कधीच संपला. साखर एवढी कशी वाढली? कधीपासून हे?"

"मुलाने घरात स्पीकर बांधल्यापासून," अप्पा शांतपणे म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "वडिलांच्या वयाचा विचार करा हो," ते म्हणाले. "आवाज जरा कमी ठेवत जा."

मी हो म्हणालो.